ॲल्युमिनियम लोखंडाच्या वर, मग फॉइल ढिम्म का? आणि सोडियमचं एनए कुठनं आलं?

फुलेवाडीची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न दोन आहेत पण माझ्या डोक्यात ते इतके गुंतलेत की एकत्रच विचारते.

पोरगी दहावीला, सेमी इंग्लिश, म्हणजे विज्ञान इंग्रजीतनं. सध्या धातुविज्ञानाचा धडा चालू आहे. त्यात ती अभिक्रियाशीलता श्रेणी आहे ना, वर पोटॅशियम सोडियम आणि खाली चांदी सोनं, ती पाठ करून करून घर डोक्यावर घेतलंय तिनं. मी म्हटलं पाठ काय करतेस, करून बघू. भावाकडे शेतावर टोमॅटोच्या फवारणीचं मोरचूद असतंय, त्यानं कागदाच्या पुडीत बांधून दिलं. तीन जुने काचेचे ग्लास घेतले, तिन्हीत निळं पाणी केलं, एकात लोखंडी खिळा, एकात जेवण गुंडाळायची ती चांदीसारखी दिसणारी फॉइल, एकात जुन्या वायरीतनं सोललेली तांब्याची तार.

तार तशीच राहिली, ते कळलं, तांब्याला तांबं काय हाकलणार. खिळा मात्र बघण्यासारखा! पाच मिनिटांत काळपट, पाव तासात तांबूस, आणि बोटानं पुसला तर लाल चिखल हाताला. पण फॉइल? ढिम्म. तास झाला, जेवणं झाली, झोपायला गेलो तरी ढिम्मच. सकाळी कडेला दोन-चार लालसर ठिपके, बास. आता पुस्तकात ॲल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे, म्हणजे ते जास्त तापट पाहिजे की नाही? पोरगी म्हणते मम्मी पुस्तक चुकलंय. मी काय बोलू?

दुसरं म्हणजे ती नावं. सोडियमला एनए, पोटॅशियमला के, लोखंडाला एफई, शिशाला पीबी. इंग्रजी नावात ती अक्षरंच नाहीत की हो! वर आय-आर-ओ-एन लिहायचं आणि म्हणायचं आयर्न, मग तो आर आधी का नंतर? तिच्या क्लासच्या सरांना विचारलं तर "परीक्षेत विचारत नाहीत, पाठ कर." मी बीकॉम, मला येत नाही म्हणून इथं विचारते. इंग्रजी भाषा अशी कशी झाली यावर कुणी जरा नीट सांगितलं तर बरं होईल, कारण पोरीला "असंच असतंय" हे उत्तर चालत नाही, बापावर गेलीय.

रिटायर्ड_मास्तर

ताई, आधी पोरीला शाबासकी द्या. तीस वर्षं रसायन शिकवलं, फॉइल घालून बघणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली, बाकी सगळे खिळा घालायचे कारण पुस्तकात खिळाच आहे.

पुस्तक चुकलेलं नाही आणि तुमची फॉइलपण चुकलेली नाही. ॲल्युमिनियम खरंच तापट आहे, इतकं तापट की हवा लागली की त्याच क्षणी ऑक्सिजनशी संयोग पावून अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. हा पापुद्रा किती पातळ, तर केसाच्या जाडीचे दहा-पंधरा हजार भाग करा, त्यातला एक. पण घट्ट. लोखंडाचा गंज कसा भुसभुशीत असतो, पोपडे निघतात, खाली परत नवं लोखंड उघडं पडतं आणि परत गंजतं. ॲल्युमिनियमचं तसं नाही, ते एकदा चिलखत चढवून गप्प बसतं. तुमचं मोरचुदाचं पाणी धातूपर्यंत पोचलंच नाही, ते रात्रभर चिलखताशी बोलत बसलं.

आता असं करा. त्याच ग्लासात चमचाभर मीठ टाका. साधं, जेवणातलं. आणि ग्लास हातात धरू नका, खाली बशी ठेवा. मिठातला क्लोराइड त्या पापुद्र्यात भोकं पाडतो, आणि मग बघा गंमत. बुडबुडे येतील, ग्लास गरम होईल, लाल गाळ पडेल, आणि फॉइलची चाळण होईल. खिळ्याला पाव तास लागला ना, इथं मिनिटांत काम. श्रेणीत वर असणं म्हणजे काय ते तेव्हा कळेल.

पोरीला एक गोष्ट मात्र नक्की सांगा, ही श्रेणी सांगते कोण कोणाला हाकलू शकतो, किती वेळात हाकलेल ते सांगत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी. कॅल्शियम आणि सोडियमचंच बघा, शाळेच्या यादीत सोडियम वर, पण कॉलेजात इलेक्ट्रोडचे व्होल्ट मोजून यादी करतात तिथं कॅल्शियम वर (उणे २.८७ आणि उणे २.७१). पाण्यात टाकलं तर सोडियम वितळून गोळी होऊन पाण्यावर पळत सुटतं, कॅल्शियम तळाशी बसून शांतपणे बुडबुडे सोडतं. मग तापट कोण? तुम्ही काय मोजताय त्यावर आहे. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, मला एमएस्सीला कळलं आणि जरा रागच आला.

आणि हो, मोरचूद विषारी आहे. ते ग्लास परत पाणी प्यायला वापरू नका. खिळ्याच्या ग्लासातलं पाणी हिरवट झालं असेल तर ते हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट. निळ्या मोरचुदाचा हिराकस झाला, एवढ्या एका वाक्यात विस्थापन अभिक्रिया संपली.

नावांचं मला अर्धवट माहीत आहे, दुसऱ्या कुणी सांगा.

चांदीवाला_हुपरी

मास्तरांना नमस्कार. ताई तुम्ही जे ग्लासात केलं ते आमच्या हुपरीत टपात करतात, फक्त एक पायरी खाली.

आमच्या घरात तीन पिढ्या चांदीचं काम. पैंजणाचं कातरण, घासकाम, जुना मोडीचा माल, ह्या सगळ्यात चांदीबरोबर तांबं असतंच, कारण शुद्ध चांदी मऊ, तिचा दागिना टिकत नाही. ती परत शुद्ध करायची तर आधी तेजाबात टाकतात, म्हणजे नायट्रिक ॲसिड. तपकिरी लाल धूर उठतो, तो छातीत गेला की संपलं, आमच्या आज्जाचा खोकला त्यातलाच होता, आता तरी लोक हूड आणि फॅन लावतात. चांदी विरघळते, तांबंपण विरघळतं, पाणी हिरवट निळं होतं. त्या पाण्यात चांदी आहे हे नवख्याला सांगून पटत नाही, निळ्या पाण्यात कसली चांदी.

मग त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. आणि तिथं तुमच्या खिळ्यावर झालं तेच होतं, तांबं विरघळत जातं आणि चांदी बाहेर पडते. पण चकचकीत नाही हां, करड्या रंगाची, शेवाळासारखी, पट्टीला लोंबकळत वाढते, पट्टी जरा झटकली की खाली पडते. लहानपणी मी तासन्तास बघत बसायचो आणि मार खायचो. पट्टी खात खात कागदासारखी होते. हिशोब सोपा आहे, एक किलो चांदी पाडायला साधारण २९५ ग्रॅम तांबं खर्ची पडतं, कारण तांब्याचा एक अणू चांदीचे दोन अणू हाकलतो. आमच्या वडिलांना अणू माहीत नव्हते पण "किलोला तीनशे धर" हे माहीत होतं.

तो गाळ धुवायचा, वाळवायचा, टाकणखार घालून मुशीत वितळवायचा की झाली चांदी. आणि उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचं भंगार टाकलं की तांबं परत. म्हणजे लोखंडानं तांब्याला काढायचं, तांब्यानं चांदीला. श्रेणी आम्ही पाठ केली नाही कधी, उतरंडीसारखी वापरली.

सोनं मात्र त्या तेजाबाला भीक घालत नाही. चांदीत थोडं सोनं असलं तर ते टपाच्या तळाला काळसर पूड होऊन राहतं, म्हणून तळ कुणी ओतून देत नाही. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, दुकानांचा केरसुद्धा झारेकरी (केर धुऊन सोनं-चांदी काढणारे) विकत घ्यायचे ते काय उगाच नाही.

(घरी कुणी तेजाब आणून हे करायला जाऊ नका, हात जोडून सांगतो.)

एमए_इंग्रजी_शाहूपुरी

हा धागा सकाळी वाचला आणि कॉलेजला जाताना बसमध्ये डोक्यात एक गोष्ट आली. ताई तुम्ही म्हणालात दोन प्रश्न गुंतलेत, ते खरंच गुंतलेत, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त.

ती श्रेणी घ्या आणि इंग्रजी नावं खालनं वर वाचा. गोल्ड, सिल्व्हर, कॉपर, लेड, टिन, आयर्न. मग झिंक. मग ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम. काही दिसलं? खालची आखूड, दणकट, वरची सगळी शेपटाला "इयम" लावलेली. हा योगायोग नाही. धातू जितका शांत तितका तो माणसाला आधी सापडला, आणि जितका आधी सापडला तितकं त्याचं नाव भाषेच्या जुन्या थरातलं.

सोनं नदीच्या वाळूत सोनं म्हणूनच सापडतं, त्याला कुणाशी संयोग पावायची इच्छा नाही. तांबं, शिसं, कथील, लोखंड हे खनिजात अडकलेले असतात पण कोळशाबरोबर तापवले की सुटतात, कारण कार्बन त्यांच्या वर आहे. ह्या कोळशाच्या रेघेखालचे सगळे धातू इंग्रजी भाषा इंग्लंडात पोचली तेव्हा तिच्या तोंडात होते. पाचव्या शतकाच्या मध्याला अँगल, सॅक्सन, ज्यूट ह्या टोळ्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरनं ब्रिटनमध्ये आल्या, त्यांची बोली ती जुनी इंग्रजी. गोल्ड, सिल्व्हर, टिन, लेड हे त्यांचे घरचे शब्द. आयर्न बहुतेक त्याआधीच केल्ट लोकांकडनं उचललेला, कारण लोखंडाच्या कामात केल्ट पुढे होते. कॉपर लॅटिनमधनं आलाय, तोही फार जुना, सायप्रस बेटावरनं पडलेलं नाव, रोमन लोकांचं तांबं तिथनं यायचं.

कोळशाच्या रेघेवरचे धातू मात्र कुणालाच माहीत नव्हते. कोळशानं ते सुटत नाहीत, वीज लागते, आणि सलग वीज देणारी पहिली बॅटरी व्होल्टानं १८०० मध्ये केली. १८०७ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीनं वितळलेल्या पोटॅशमधनं वीज सोडली आणि चकचकीत गोळ्या फुटून बाहेर आल्या, काही हवेत पेटल्या. तो आनंदानं खोलीभर नाचला म्हणतात. काही दिवसांत सोडियम, पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम. आता त्यांना नाव काय द्यायचं? गावात कुणी हाक मारलेलीच नाही, मग शास्त्रज्ञानं लॅटिनचं शेपूट लावून टेबलावर बसून तयार केलं. पोटॅशियम कुठनं, तर पॉट-ॲश, भांड्यातली राख! लाकडाची राख पाण्यात भिजवून ते पाणी भांड्यात आटवायचं, खाली उरतो तो पोटॅश.

आता तुमचा के. स्वीडनच्या बर्झेलियसनं १८१३-१४ च्या सुमारास अक्षरांची चिन्हं काढली, आणि ती लॅटिन नावांवरनं घेतली, म्हणजे कुठल्याच देशाला तक्रार नको. लोखंड फेरम, शिसं प्लंबम, सोनं ऑरम, चांदी अर्जेंटम. नव्या दोन धातूंची त्याच्याकडची नावं होती नॅट्रियम आणि कॅलियम, जर्मन लोक आजही तेच म्हणतात. डेव्हीची इंग्रजी नावं वेगळी राहिली आणि चिन्हं बर्झेलियसची, म्हणून हा घोळ. कॅलियम आलंय अरबी अल-कली वरनं, तेपण राखच! म्हणजे नाव राख, चिन्ह राख, फक्त दोन वेगळ्या भाषांतली. आपल्या आज्या भांडी घासायच्या तीच राख.

प्लंबम वरनं प्लंबर, कारण रोमन लोकांचे पाण्याचे पाइप शिशाचे. नळ दुरुस्त करायला येतो त्याच्या नावात शिसं आहे, हातात पीव्हीसी.

आयर्नचा आर. जुन्या काळी आय-रन असंच काहीसं म्हणायचे, पुढं बोलताना आर आणि स्वर यांनी जागा बदलली, लिहिताना कुणी बदलली नाही. इंग्रजीचं सगळं स्पेलिंगच असं आहे. कॅक्स्टननं १४७६ ला इंग्लंडात छापखाना आणला, शब्दांचं रूप हळूहळू कागदावर गोठत गेलं, पण तोंड थांबलं नाही. साधारण १४०० ते १७०० ह्या काळात इंग्रजीचे सगळे लांब स्वर सरकले. त्याआधी नेम हा शब्द जवळपास "नाम" असाच म्हणायचे, हो, आपलंच नाम, मूळ एकच. हाऊस होतं "हूस" आणि माऊस होतं "मूस", तेच ते संस्कृतातलं मूषक. नाइटमधला के आणि जीएच तेव्हा खरंच उच्चारायचे. मास्तरांची उपमा उसनी घेते, स्पेलिंग म्हणजे इंग्रजीवरचा ऑक्साइडचा पापुद्रा, वरनं शांत, आत बरंच काही होऊन गेलंय.

चांदीवाला_हुपरी

मॅडम आमच्यात मूस म्हणजे चांदी वितळवायची. त्यात उंदीर घातला तर आई घरात घेणार नाही 😀

शिरोली_फौंड्री

मॅडम, लेख भारी आहे, पण दोन ठिकाणी मी अडवणार.

एक, तो पापुद्र्याचा दृष्टांत उलटा आहे. ऑक्साइडच्या खाली धातू अजिबात बदलत नाही, पापुद्रा त्याला वाचवतो. तुमच्या स्पेलिंगच्या खाली तर सगळी उलथापालथ झाली. वाचवलं कुठं? तो पापुद्रा नव्हे, तो जुना बोर्ड. दुकान बदललं, बोर्ड तसाच.

दोन, शांत धातू म्हणजे जुनं नाव हे सगळीकडं चालत नाही. प्लॅटिनम सोन्याइतकं शांत, तरी युरोपात अठराव्या शतकात कळलं आणि नाव स्पॅनिश. निकेल लोखंडाच्या खाली, कोळशानं सुटतं, पण १७५१ पर्यंत त्याला वेगळा धातू म्हणून कुणी ओळखलं नव्हतं, आणि नाव जर्मन खाणकामगारांच्या शिवीवरनं, तांब्यासारखं दिसायचं पण तांबं निघायचं नाही म्हणून भुताटकीचं तांबं म्हणायचे. नियम केला की अपवाद सांगायला पाहिजेत.

झिंकबद्दल मात्र तुम्ही "मग झिंक" म्हणून पुढं गेलात, खरी मजा तिथं आहे. जस्त बरोबर कोळशाच्या रेघेला चिकटून आहे. कोळशानं सुटतं, पण सुटायला हजार डिग्रीच्या वर लागतं आणि जस्त ९०७ ला उकळतं. म्हणजे भट्टीत धातू तयार झाला की वाफ होऊन धुराड्यातनं पसार, आणि हवेत परत जळून पांढरी राख. युरोपवाल्यांना ती वाफ पकडता येत नव्हती. आपल्याकडं राजस्थानात उदयपूरजवळ झावरला मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या टांगून, वरनं आग आणि खाली थंड, अशी वाफ खाली ओढून जस्त गोळा करायचे, कित्येक शतकं आधी. इंग्लंडात ब्रिस्टलला चॅम्पियननं त्याचं पेटंट घेतलं १७३८ ला. म्हणून इंग्रजीत झिंक हा शब्द मधल्या काळातला, जर्मनमधनं आलेला, ना गोल्डसारखा जुना ना सोडियमसारखा टेबलावरचा. तुमच्या नियमाला हाच खरा पुरावा, आणि तोच तुम्ही सोडला!

पोरीसाठी एक दृश्य सांगतो. आमच्यात एसजी आयर्नचं, म्हणजे न तुटता वाकणाऱ्या बिडाचं, कास्टिंग करताना लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, मॅग्नेशियमचा मिश्रधातू ठेवून वरनं पातळ लोखंड ओततात. लोखंड साडेचौदाशेच्या आसपास, मॅग्नेशियम उकळतं अकराशेच्या आत. ओतल्या ओतल्या जो पांढराशुभ्र भडका उडतो, वेल्डिंगसारखा, डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचतात, शेड पांढऱ्या धुरानं भरते. पहिल्या दिवशी मी मागं पळालो होतो, अजून चिडवतात. घातलेल्यातलं बरंच मॅग्नेशियम उडून जातं, काही लोखंडातला गंधक पकडून मळीत जातं, आणि शेवटी लोखंडात ०.०४ टक्क्याच्या आसपास राहतं. तेवढ्यानं आतलं ग्राफाइट पापडीचं गोळी होतं आणि ठिसूळ बीड वाकायला लागतं. पण दहा-बारा मिनिटांत साचे ओतून मोकळं व्हायचं, नाहीतर उरलेलं मॅग्नेशियमपण निघून जातं आणि सगळी हीट, म्हणजे त्या खेपेचं सगळं लोखंड, वाया. श्रेणीत वर असलेल्याला नोकरीवर ठेवायचं म्हणजे असा त्रास.

एमए_इंग्रजी_शाहूपुरी

शिरोली दादा, बोर्डाचा दृष्टांत माझ्यापेक्षा चांगला आहे, घेतला, उद्या वर्गात वापरणार. निकेल आणि प्लॅटिनमही मान्य. दारात आलेल्या धातूपुरतंच माझं म्हणणं, प्लॅटिनम बिचारं दक्षिण अमेरिकेत होतं. झिंकबद्दल लाज वाटली, खरंच.

पण विस्थापनाबद्दल बोलायचं राहिलं, कारण भाषेत तेही होतं. १०६६ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली. जज, कोर्ट, आर्मी, पीपल सगळे तिकडचे, ह्या अर्थाचे जुने इंग्रजी शब्द होते ते गेले. धातूच्या धंद्यातच बघा, घडवणारा स्मिथ इंग्रजी राहिला, गोल्डस्मिथ, ब्लॅकस्मिथ, आणि घालणाऱ्याचा ज्वेल फ्रेंच. हातोडी कुणाच्या हातात आणि दागिना कुणाच्या गळ्यात ते शब्दावरनं कळतंय. मेटल हा शब्दसुद्धा फ्रेंचमधनं आलेला, आता बोला.

त्याआधी व्हायकिंग आले होते, त्यांनी तर सर्वनामंच बदलली, दे, देम, देअर ही तिघंही उत्तरेकडची. सर्वनाम बदलणं म्हणजे घरात घुसून चूल बदलणं. टेक हा शब्दपण त्यांचा, त्यानं जुना "निमन" हाकलला. पण हाकललेलं नाहीसं होत नाही, ताईंच्या ग्लासात तांबं जसं खिळ्यावर बसलं तसं निमन एका कोपऱ्यात बसलंय, नंब म्हणजे बधिर, मूळ अर्थ "घेतला गेलेला". आणि स्टार्व्ह म्हणजे आधी नुसतं मरणं, डाय आल्यावर उपाशी मरण्यापुरतं उरलं.

हसू नका पण कोल्हापुरात हेच झालंय. तालीम, पैलवान, कुस्ती, वस्ताद, लाल मातीतले हे चारही शब्द फारसी-अरबीतनं आलेले. तालीमचा तिकडचा अर्थ शिक्षण. आमच्या गल्लीतल्या वस्तादांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मग शिक्षणच देतोय की!"

रिटायर्ड_मास्तर

एक पुरवणी. ॲल्युमिनियमच्या स्पेलिंगवरनं पोरगी विचारेलच, अमेरिकन लोक ॲल्युमिनम का म्हणतात. डेव्हीनं स्वतःच १८१२ मध्ये ॲल्युमिनम लिहिलं होतं, तुरटीच्या लॅटिन नावावरनं. इंग्लंडातल्या लोकांना ते सोडियम, पोटॅशियमच्या पंगतीत बसेना म्हणून त्यांनी "इयम" केलं. अमेरिकेत पुढं डेव्हीचंच चाललं. दोन्ही बरोबर, बोर्डाच्या परीक्षेत मात्र पुस्तकातलं लिहायचं.

आणि ते स्वस्त झालं १८८६ नंतर, जेव्हा अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू ह्या दोन तरण्या पोरांनी एकमेकांना न ओळखता विजेनं ते काढायची एकच रीत शोधली. त्याच्या आधी ते राजेलोकांच्या ताटात असायचं. आपण त्यात पोळी गुंडाळतो.

फुलेवाडीची_आई

मास्तर, मीठ टाकलं!! काय सांगू. आधी दोन मिनिटं काहीच नाही, पोरगी म्हणाली बघ, आणि मग जे फसफसायला लागलं, ग्लासाला बाहेरनं हात लावला तर चहाच्या कपासारखा गरम, फॉइल काळी झाली, मग लाल, मग तुकडे तुकडे होऊन खाली. निळं पाणी फिकं पडलं. सासूबाई देवघरातनं उठून आल्या काय जळतंय बघायला. नंतर त्या म्हणाल्या म्हणूनच आम्ही चिंचेची आमटी जर्मनच्या भांड्यात ठेवत नव्हतो, भांड्याला भोकं पडतात. मी इतकी वर्षं ती नुसती जुनी समजूत आहे असंच धरून बसले होते.

पाणी बेसिनमध्ये ओतलं नाही, झाडांनाही नाही, आधी लोखंडी काथ्या टाकून निळं जाईपर्यंत ठेवलं, हुपरीच्या दादांची आयडिया.

मॅडम, तुमचं ते खालनं वर वाचायचं पोरीनं वहीत मोठ्या अक्षरात लिहून मध्ये लाल पेनानं कोळशाची रेघ मारलीय. झिंक रेघेवर बसवलंय, पाय खाली सोडून. आता तिचा नवा प्रश्न, पेन्सिलीत जे असतं त्याला इंग्रजीत लेड म्हणतात, मग ते शिसं का, आणि असलं तर पीबी का नाही लिहीत पेन्सिलीवर. मी म्हटलं आता झोप.

शिरोली_फौंड्री

शिसं नसतंच ताई त्यात, ग्राफाइट असतं, आमच्या बिडात असतं तेच. सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेलला त्याची खाण सापडली तेव्हा काळं, मऊ, कागदावर रेघ ओढणारं म्हणून लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं. तो कार्बन आहे हे शेले नावाच्या माणसानं १७७९ ला दाखवलं, तोवर नाव पक्कं झालं होतं.

आणि तिला सांगा इंग्रजीला हसायचं नाही, आपण पण शिसपेन्सिलच म्हणतो.